मंडईच्या गावात शाफ्टाचा पीळ मोजताना

पवनीपर्यंत

भंडारा जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. वाघ दिसला का, आणि उकडत होतं का. वाघ दिसला नाही आणि उकडतही नव्हतं. दिवाळी नुकतीच झाली होती, हवा चांगली गार होती. मी तिथे काय करून आले हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगते. मी एका राइस मिलच्या शाफ्टाचा पीळ मोजायला गेले होते, आणि तो मोजता मोजता एका भल्या माणसाची तीस वर्षांची नोकरी घालवून बसले होते.

आधी पिळाचं सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. मोटर आणि यंत्र यांना जोडणारा जो फिरता पोलादी दांडा, तो शाफ्ट. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं, तसं मोटर एका टोकाने फिरवते आणि यंत्र दुसऱ्या टोकाला अडवतं, त्यामुळे शाफ्टालाही पीळ बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पण पीळ बसला की पोलादातलं चुंबकत्व किंचित बदलतं. आम्ही शाफ्टाभोवती एक कडं बसवतो, सगळीकडून बोटभर अंतर राखून. शाफ्ट आपला फिरत राहतो, कडं त्याला हात न लावता तो बदल ओळखतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी सव्वीस वर्षं हीच कडी बनवते. ‘ना स्पर्श, ना घर्षण, ना शंका’ हे आमच्या माहितीपत्रकातलं वाक्य माझंच. त्यातल्या तिसऱ्या भागाबद्दल मी आता जरा कमी बोलते.

तर नागपूरहून पवनीच्या एस.टी.त बसले. मांडीवर कड्याची पेटी. पेटीवर लाल अक्षरात ‘लोहचुंबकापासून दूर ठेवा’. कंडक्टरने ते दोनदा वाचलं आणि दोन पावलं मागे सरकला.

“माह्या टिकिटाच्या मशीनमंदी चुंबक असन का जी?”

“असलं तरी एवढ्याने काही होत नाही हो.”

“नाही, पण लिहिलं तर आहे ना.”

आणि त्या सज्जन माणसाने तीन सीट लांब उभं राहून माझं तिकीट फाडलं आणि मधल्या प्रवाशांच्या हातोहात माझ्यापर्यंत पोचवलं. सुटे पैसेही त्याच वाटेने परत आले. पुण्यात असल्या सूचनांकडे कोणी ढुंकून बघत नाही. इथे लिहिलेलं पाळतात, अक्षरशः पाळतात. हे मी तेव्हाच गाठीला बांधून ठेवायला हवं होतं.

उमरेड मागे पडल्यावर रस्त्याला जंगल लागलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “इथं वाघ येते रस्त्यावर. बस थांबते त्याच्यासाठी. आमच्यासाठी नाही थांबत.” त्या दिवशी बस कोणासाठीच थांबली नाही आणि आम्ही वेळेआधी पवनीत पोचलो.

पवनी जुनं गाव. वेशीचा दगडी दरवाजा अजून उभा आहे आणि त्याखालून मोटारसायकली, बकऱ्या आणि धानाचे ट्रॅक्टर सारख्याच हक्काने जातात. स्टँडवर किसनभाऊ आले होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. राइस मिल त्यांचीच. त्यांनी आधी नदीवरची ताजी मासोळी घेतली, मग मला घेतलं. मोटारसायकलच्या हँडलला मासोळीची पिशवी, मागे मी, माझ्या मांडीवर पेटी, असे आम्ही कोंढ्याच्या रस्त्याला लागलो. गावाचं नाव लिहायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून नंतर कबूल करून घेतलं आहे, म्हणून लिहीत नाही. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खाचरं, इकडच्या भाषेत बांध्या, त्यांत पेंढ्या आडव्या पडलेल्या, मधेच बोडी म्हणतात तसं एखादं छोटं तळं, त्याच्या पाण्यात बगळे. गाडी चालवता चालवता त्यांनी सगळी कहाणी सांगितली.

“तीन शाफ्ट तुटले जी ह्या सालात. मिस्त्री म्हंते, तुमी भार जास्त टाकून राहिले. मी म्हणतो, तू शाफ्ट वाकडा बसवून राहिला. आता तुमची मशीन बोलन तसं करीन. भार जास्त निघाला तं माही चूक. नाही निघाला तं देवाजी मिस्त्रीले घरी बसवीन. तीस वर्सं झाले त्याले, पण काय करता.”

“त्यांना हे मान्य आहे?”

“त्यानंच म्हटलं. मशीनले पुसा म्हणे.”

मी मागून मोठ्या रुबाबात म्हणाले, “यंत्र खोटं बोलत नाही, किसनभाऊ.” खड्ड्यातून गाडी उसळली आणि मासोळीची पिशवी माझ्या गुडघ्यावर आदळली.

गिरणी

किसनभाऊंच्या पत्नी सुमनबाई. पाहुणीला उपाशी ठेवलं तर आपल्याला पाप लागेल अशा समजुतीने त्या वाढतात. पुण्यात जेवणाच्या शेवटी ‘भात हवा का?’ असं विचारायची पद्धत आहे, आणि उत्तर ‘नको’ असावं अशी यजमानाची अपेक्षा असते. इथे भाताने सुरुवात, मध्येही भात, आणि शेवटी मला विचारलं, “ताई, एखादी पोळी पाह्यजे का?” वर मासोळीचा झणझणीत रस्सा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. मी चौथा वडा घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमी तं काहीच नाही खाल्लं.” त्यांच्या आवाजात खरंच काळजी होती.

गिरणी घरामागेच. देवाजी मिस्त्री दारातच भेटले. साठीचे, काटक, कानामागे पेन्सिल आणि हातात एक लांब पाना. त्यांच्या कोपऱ्यात दोन कर्णे उघडून ठेवले होते, नाटकाच्या मंडपावर लावतात तसले मोठे. गावात मंडई होती. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते: दुकानं, दंडार नावाचं लोकनाट्य, नाटक आणि घरोघरी पाहुण्यांचा पूर. तिचे भोंगे दुरुस्त करणं हेही मिस्त्रींचंच काम. जुन्या भोंग्यांतले चुंबक ते फेकत नाहीत. धान जिथून यंत्रात पडतं तिथे त्यांनी असे चार चुंबक बसवले आहेत. धानाबरोबर आलेले खिळे, नटबोल्ट तिथेच चिकटतात. मला हे आवडलं, पण मी तसं म्हणाले नाही. माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात, म्हणजे नोकरीच्या, मी मिस्त्री लोकांचं फार कौतुक केलेलं नाही.

त्यांनी गिरणी चालू केली, पान्याचं एक टोक बेअरिंगवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

“आता गाऊन राहिला,” ते म्हणाले. किसनभाऊंनी झडप थोडी उघडली, धान जोरात पडू लागलं. “आता कण्हून राहिला.” झडप पूर्ण उघडली. “आता रडून राहिला पाहा. असा रडला का आठ-पंधरा रोजात तुटते. घ्या, आइका तुमी.”

मी पाना कानाला लावला. मला धडधड ऐकू आली, दुसरं काही नाही. मी समजल्यासारखी मान हलवली.

मग मी कडं बसवलं. शाफ्टाभोवती सगळीकडून अंतर मोजलं, तारा जोडल्या, पडदा लावला. मिस्त्री पूर्ण वेळ शेजारी उकिडवे बसून बघत होते.

“हे शाफ्टाले लागतच नाही?”

“नाही. तेच तर वैशिष्ट्य आहे.”

“आन् याच्यामंदी चुंबकाचंच काम?”

“हो.”

“केवढं असते ते चुंबकाचं?”

मी दमले होते, पोटात चार वडे होते, आणि असल्या प्रश्नांना उत्तर देताना माझा आवाज जरा चढतो. “अगदी बारीक असतं. तुम्हाला नाही कळायचं ते.”

माझी रिकामी पेटी उचलून त्यांनी ती जपून लांब, धानाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, नेऊन ठेवली. मी मनात म्हटलं, बरं झालं, राग आलेला दिसत नाही.

मंडईचा पहिला दिवस

सकाळी गिरणीपुढे रांग. घरोघर पाहुणे येणार, प्रत्येकाला नव्या धानाचा तांदूळ आजच हवा. किसनभाऊंना ‘नाही’ म्हणता येत नाही हा त्यांचा मोठा गुण आहे. “माहा आधी करून द्या जी, जावई येऊन राहिले,” असं कोणी म्हणालं की ते झडप आणखी उघडतात. माझ्या शास्त्राच्या दृष्टीने याहून चांगली चाचणी कुठली?

मी शून्य लावून घेतलं. म्हणजे गिरणी बंद असताना पडदा ‘शून्य’ दाखवतो आहे याची खात्री केली. एवढ्यात सुमनबाई ताट घेऊन आल्या. नवीन मशीन पूजेशिवाय चालू करायची नाही. मी म्हणाले, कड्याला हात लावू नका. त्या म्हणाल्या, “नाही लावत जी,” आणि हळदीकुंकवाची दोन बोटं लावली. ज्या कड्याचं सारं मोठेपण स्पर्श न करण्यात आहे, त्याला पुढच्या दहा मिनिटांत गावातल्या निदान वीस माणसांनी नमस्कार केला. मिस्त्रींनी झेंडूचा जाड हार आणून स्वतःच्या हाताने कड्यावर नीट बसवला, मागून पुढून दाबून पाहिला. मला ते जरा लागलं. ज्या यंत्राच्या शब्दावर याची नोकरी, त्याला हा हार घालतो आहे. माझ्या हातात तेव्हा नारळ दिला होता आणि तो फुटत नव्हता. तिसऱ्या खेपेला फुटला, टाळ्या झाल्या, आणि त्याच टाळ्यांत किसनभाऊंनी गिरणी चालू केली.

झडप पूर्ण उघडी. आकडा आला एकशे वीस.

त्या जाडीच्या शाफ्टाला दोनशेपर्यंत भीती नाही. मी दहा मिनिटं बघत राहिले. एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे वीस. पीळ निम्म्याहून थोडा जास्त, बस्. मिस्त्री कानाला पाना लावून उभे होते. त्यांचा चेहरा बघून मी नजर दुसरीकडे वळवली. मग लाइन गेली. गिरणी थांबली, पडदाही विझला.

“काय म्हंते मशीन?” किसनभाऊंनी विचारलं.

“भार जास्त नाही,” मी म्हणाले.

प्रत्येक मापनानंतर गिरणी थांबवून शून्य पुन्हा तपासायचं, हा नियम मी नवीन पोरींना पहिल्या दिवशी शिकवते. न तपासता आकडा सांगणारीला मी जेवायच्या सुट्टीपर्यंत उभं करते. लाइन यायची वाट बघायला हवी होती. पण किसनभाऊ म्हणाले, चार वाजता मंडईच्या स्टेजवर तुमचा सत्कार आहे, साडी बदलून घ्या. पुण्यात सव्वीस वर्षांत माझा कोणी सत्कार केलेला नाही. मी साडी बदलली.

शाल दिली, श्रीफळ दिलं. आणि मग माइक माझ्या हातात देऊन समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की म्याडम आता मशीनचा निकाल देतील. मला वाटलं होतं निकाल गिरणीतच संपला. समोर पाचशे माणसं, जिलेबीची दुकानं, मागे रंगवलेला पडदा. मी म्हणाले, “शाफ्टावर भार जास्त नाही.” किसनभाऊंनी माइक घेऊन पुढचं स्वतः सांगितलं, की उद्यापासून गिरणीत नवा मिस्त्री येईल. टाळ्या कमीच पडल्या, आणि त्याही फक्त डाव्या बाजूच्या लोकांनी वाजवल्या. उजवीकडचा भोंगा मुका होता. मैदानाच्या उजव्या अर्ध्या भागाला निकालच ऐकू गेला नाही, ते तोंडाकडे बघत बसले.

देवाजी मिस्त्री उजवीकडे बसले होते. शेजाऱ्याने त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, उठले, धोतर झटकलं आणि निघाले. जाताना मला नमस्कार केला. मला त्या नमस्काराने बरं वाटलं नाही. शाल अंगावर टोचायला लागली.

मंडईचा दुसरा दिवस

सकाळी कडं सोडवायला गिरणीत गेले. लाइन आली होती. गिरणी कालपासून बंद, शाफ्ट मेल्यासारखा पडून, आणि पडद्यावर आकडा: उणे एकशे तीस.

मी डोळे चोळले. आकडा तोच. बंद शाफ्टाला उलटा पीळ बसू शकत नाही. याचा अर्थ एकच होता, की कड्याच्या जवळपास कुठेतरी लोखंड किंवा चुंबक आहे आणि तो काल आकडे खाली ओढत होता. किती खाली, ते पडद्यावर लिहिलेलंच होतं. पाचशे माणसांपुढे, निदान अडीचशे माणसांपुढे, मी चुकीचं बोलले होते.

“जवळचं लोखंड दहा पावलं लांब न्या!” मी ओरडले.

किसनभाऊंनी हे रस्त्यावर जाऊन ओरडून सांगितलं, आणि इथे सांगितलेलं पाळतात. आधी गिरणीतली माणसं आली, मग बाहेरची, मग मंडईला निघालेली. कमरेचे विळे आले, किल्ल्यांचे जुडगे आले, कुऱ्हाडी आल्या. सुमनबाईंनी चुलीवरून तवा आणला. गिरणीपासून दहा पावलांवर लोखंडाचा ढीग वाढू लागला आणि पडद्यावर उणे एकशे तीस ढिम्म. दंडारीतला राजा रंग लावून चालला होता, त्याने आपली पत्र्याची तलवार ढिगावर ठेवली आणि काय होतंय ते बघत उभा राहिला.

गर्दीतून फागोजीबुवा पुढे आले, सत्तरी ओलांडलेले. “माह्या मांडीत सळई आहे जी. नागपूरले टाकली. मी जाऊ का लांब?”

तसली सळई चुंबकाला दाद देत नाही, पण एवढा प्रामाणिक चेहरा मी पुण्यात कधी पाहिला नव्हता. मी म्हणाले, “जा बुवा, बरं होईल.” ते लंगडत जाऊन ढिगाशेजारी दहाव्या पावलावर बसले आणि तिथून ओरडले, “आता काय म्हंते?”

“उणे एकशे तीस!”

“मंग आनखी लांब जातो!”

ते गिरणीपलीकडच्या बोडीपर्यंत गेले. आकडा हलला नाही. राजा म्हणाला, “मशीनले देवीचं काही झालं असन,” आणि सुमनबाई पुन्हा ताट आणायला वळल्या. मी त्यांना ओरडले. खरं तर मी स्वतःवर चिडले होते, पण ओरडले त्यांच्यावर. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

अशा सगळ्या गोंधळात देवाजी मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. वाद घालायला नाही. खांद्यावर तो मुका भोंगा होता.

“म्याडम, माहा चुंबक घेऊन जाऊ का? तुमचं काम झालं असन तं. दुपारी दंडार आहे, भोंगा लागते.”

“कुठला चुंबक?”

त्यांनी शांतपणे पुढे होऊन झेंडूचा वाळलेला हार उचलला, कड्याच्या मागे हात घातला आणि बशीएवढा काळा चुंबक खट्‌कन काढून घेतला.

पडद्यावरचा आकडा शून्य झाला.

मिस्त्री चुंबक घेऊन निघाले तेव्हा मी ओरडले, “थांबा!” ते घाबरून थांबले.

“हा इथे कशाला लावलात?”

“तुमी म्हटलं ना जी, ह्याच्यातलं चुंबकाचं लय बारीक आहे. मले वाटलं, पावनी एवढ्या दुरून आली, मशीन कमजोर पडू नये. म्हणून भोंग्याचा काढून जोडून देल्ला. मजबूत आहे हा.”

“अहो, पण पेटीवर लिहिलंय ना, लोहचुंबकापासून दूर ठेवा!”

“पेटी तं मी दूरच ठेवली,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी धानाच्या कट्ट्यांकडे बोट दाखवलं. पेटी खरंच तिथे होती, चुंबकापासून चांगली वीस हात दूर.

मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. या माणसाने स्वतःची नोकरी जिच्या हातात होती त्या यंत्राला बळ यावं म्हणून मंडईचा भोंगा उघडला होता. आणि मला त्याला चार वाक्यांत समजावून सांगायचा कंटाळा आला होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “चूक यांची नाही, माझी आहे. गिरणी चालू करा.”

झडप पूर्ण उघडी. दोनशे अठ्ठेचाळीस. दोनशे त्रेपन्न. निम्मी उघडी ठेवली तर एकशे सत्तर.

पण किसनभाऊ काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “काल मशीन खोटी होती तं आज खरी कायवरून?” त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न होता. माझ्याकडे त्याचं शास्त्रीय उत्तर होतं, पण कालपासून माझ्या शास्त्रीय उत्तराला गावात भाव नव्हता.

मग मीच एक तोड काढली. मिस्त्रींना भिंतीकडे तोंड करून बेअरिंगजवळ उभं केलं, पाना कानाला. पडद्यावर सुमनबाईंचा पदर टाकला, पदराच्या आत फक्त मी. किसनभाऊ वर झडपेपाशी, त्यांना वाटेल तशी उघडायची, बोलायचं नाही. मिस्त्रींनी म्हटलं, “गाते.” पदराखाली एकशे चाळीस. “कण्हते.” एकशे नव्वद. “रडते.” दोनशे साठ. “गाते.” एकशे पस्तीस. पाचव्या वेळी मिस्त्रींनी पाना दोनदा उचलून पुन्हा टेकवला. किसनभाऊंनी झडप अगदी सावकाश पूर्ण उघडली होती, फसवायला. “हळूहळू करून राहिले,” मिस्त्री भिंतीला म्हणाले, “पण रडते.” दोनशे पन्नास.

मी पदर काढला आणि आकडे वाचून दाखवले. राजाने टाळी वाजवली. बोडीवरून फागोजीबुवांनी विचारलं, “आता येऊ का?”

किसनभाऊ वरून खाली उतरले. बराच वेळ हात पुसत राहिले. मग झडपेचं कुलूप लावलं आणि चावी मिस्त्रींपुढे धरली.

“मले कोणाले नाही म्हणता येत नाही, देवाजी. तूच ठेव ही.”

“मले येते नाही म्हणता,” मिस्त्री म्हणाले आणि चावी कमरेला खोचली.

पण निकाल स्टेजवरून दिला होता, तर दुरुस्तीही तिथूनच द्यायला हवी, यावर गावाचं एकमत होतं. माझंही होतं, जरा उशिराने. दुपारी दंडारीच्या आधी मी पुन्हा त्याच शालीत स्टेजवर गेले. दोन्ही भोंगे लागले होते. मी म्हणाले की काल माझं यंत्र चुकीचं बोललं, कारण मी तपासलं नाही. शाफ्ट जास्त भाराने तुटतात. देवाजी मिस्त्री खरं सांगत होते, कालही आणि त्याच्या आधीही. बोलले ते पुटपुटल्यासारखंच. खाली अँप्लिफायरशी मिस्त्री बसले होते. त्यांनी बटण फिरवून आवाज वाढवला आणि हाताने खूण केली.

“जरा जोरानं बोला म्याडम. उजवीकडच्याले काल बी आयकू नाही आलं.”

मी पुन्हा सगळं बोलले, जोरात.

घरी

निघताना सुमनबाईंनी नव्या धानाचा तांदूळ बांधून दिला, ते गाठोडं मी सगळ्या वाटेत पेटीवरच ठेवलं. पवनीच्या स्टँडवर तोच कंडक्टर होता. त्याने पेटी ओळखली आणि न सांगता लांबूनच तिकीट दिलं.

भोसरीत पेटी उघडायला घेतली तेव्हा दिसलं. ‘लोहचुंबकापासून दूर ठेवा’ या लाल अक्षरांखाली, धानाच्या कट्ट्यांवर नाव घालतात त्या काळ्या रंगात, कोणीतरी आणखी एक ओळ लिहिली होती. अक्षर सुवाच्य होतं, कानामागे पेन्सिल ठेवणाऱ्या माणसाचं. ‘आकडा सांगाच्या आधी मिस्त्रीले पुसा.’

आमच्या साहेबांनी ती ओळ पुसून टाकायला सांगितली. गिऱ्हाइकांपुढे बरं दिसत नाही म्हणे. मी पुसलेली नाही. लिहिलेलं पाळायचं असतं, हे मी तिकडे शिकून आले आहे.